वहीतली रिकामी पानं

ती. आई-बाबांना,
सा. न.

सोमवारी मी होकार कळवून टाकला. फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि आईने दुसराच विषय काढला असता, म्हणून लिहितेय. चांगली चाललेली नोकरी सोडून संगणकीय जीवशास्त्रात पीएचडी. पाच वर्षं, कदाचित सहा.

आई, उंदीर-बेडूक काही कापायचे नाहीत गं. माझं सगळं काम संगणकावर. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे महिने काम करून बघायचं आणि मग गाइड ठरवायचा, म्हणजे न पटणाऱ्या माणसाशी गाठ पडायची भीती कमी. फी नाही, उलट विद्यावेतन आहे. पगारापेक्षा बरंच कमी, पण एकटीला पुरतं, मी दोनदा हिशेब केलाय. खोलीत ऊन येतं. जेवते वेळेवर. झोपतेही. (बहुतेक.)

बाबा, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाही: "एआयच सगळं करणार, तर तू शिकून काय करणार?" २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या अल्फाफोल्डमुळे, म्हणजे प्रथिनांच्या रचना ओळखणाऱ्या एआयमुळे, हसाबिस आणि जंपर या शास्त्रज्ञांना मिळालं, ते शिकलं कशावर? १९७१पासून लोकांनी एकेक करून जमवलेल्या प्रथिनांच्या रचनांवर. नोंदी कुणीतरी नीट ठेवल्या होत्या म्हणून ते जमलं. आणि नोंदी नीट नसतील तर? माणसात सुमारे २०,००० जनुकं. आजारी आणि निरोगी माणसांत प्रत्येक जनुकाची तुलना केली आणि शंभरात पाच चुका चालवून घेतल्या, तर काहीही संबंध नसताना हजारेक जनुकं "दोषी" ठरतात. यंत्र ती यादी खुशाल छापून देतं. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मला शिकायचंय.

खरं तर ते तुमच्याच वहीने शिकवलं. रागावू नका, मागच्या खेपेला मी तुमच्या साखरेच्या वहीचे फोटो काढून नेले आणि आलेख काढला. काय सुंदर आलेख! एकही आकडा वेडावाकडा नाही. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीए१सी रक्ततपासणी काही वेगळंच म्हणत होती. मग मी आकडे सोडून कोऱ्या तारखा बघत बसले. पाहुणे येऊन गेल्यावरचा दिवस कोरा. आईशी वाजलं तो आठवडा कोरा. तुम्ही लपवलंत असं नाही म्हणत मी. वाईट आकडा लिहायला हातच उचलत नाही, माझाही उचलला नसता. आमच्या अभ्यासात हा मोठा विषय आहे: जी नोंद नाही, ती का नाही? रुग्णालयांच्या नोंदींतही हेच. जो तपासायला आलाच नाही, तो आकड्यांत नाही, आणि मॉडेलला वाटतं तो ठणठणीत आहे.

आई, मला तापाने घेतलं होतं तेव्हा तू रात्रभर कॅलेंडरच्या पाठीवर तासातासाला ताप लिहीत होतीस. १०४ सुद्धा लिहिलास. डॉक्टरांनी तो कागद बघूनच औषध बदललं. मला फक्त तुझा गार हात आठवतो. कागदाचं तूच नंतर सांगितलंस.

मी लांब जातेय, तुम्हाला टाकून नाही. गुडघ्याचं दाखवायला तुमच्याबरोबर येईन, तिकीट काढलंय. तोवर: आई, गोळ्यांचा डबा रविवारी रात्रीच भरायचा, आठवेल तेव्हा नाही. बाबा, मीटर बदललंत तर कोणत्या तारखेला ते वहीत लिहा, दोन मीटरांचे आकडे मला सरमिसळ नकोत. आणि उद्या सकाळचा आकडा लिहायचा. २४० आला तरी. मी ओरडणार नाही.

बरं, थोडीशी ओरडेन.

तुमची,
बबडी