तक्रार: ‘हाय-स्पीड’ म्हणून विकलेल्या आठ-ट्रॅक रेकॉर्डरचा मंद यूएसबी पोर्ट

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: रेकॉर्डरमधून संगणकावर ट्रॅक उतरवण्याचा वेग आणि खोक्यावरील चुकीचा दावा

महोदय,

आपल्या कंपनीचा आठ-ट्रॅक डिजिटल रेकॉर्डर आम्ही मैफिलींच्या ध्वनिमुद्रणासाठी वापरतो. आवाजाबद्दल काहीच म्हणणे नाही, प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग) उत्तम आहेत. तक्रार आहे ती यूएसबी पोर्टची. खोक्यावर ‘हाय-स्पीड यूएसबी 2.0’ असे छापले आहे. हाय-स्पीड म्हणजे सेकंदाला 480 मेगाबिट. प्रत्यक्षात यंत्र सेकंदाला 12 मेगाबिटांवरच जोडले जाते (आठ बिट म्हणजे एक बाइट).

आम्ही वापरतो त्या ध्वनिमुद्रणाच्या दर्जाला, म्हणजे 24 बिट, 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला 48,000 नमुने, प्रत्येक 24 बिटांचा), एका ट्रॅकचे सेकंदाला 1,44,000 बाइट होतात, आठ ट्रॅकचे 11,52,000. 12 मेगाबिटांच्या जोडणीत दर मिलिसेकंदाला 64 बाइटांची जास्तीत जास्त 19 पॅकेट (माहितीचे तुकडे) मावतात, म्हणजे अगदी कागदावरही सेकंदाला 12,16,000 बाइट. प्रत्यक्षात मिळतात साधारण दहा लाख. त्यामुळे दोन तासांच्या मैफिलीचा सुमारे 8.3 गिगाबाइटचा ऐवज उतरवायला दोन तासांहून जास्त वेळ जातो. गाणे ऐकायला लागतो त्याहून कॉपी करायला वेळ जास्त! खऱ्या हाय-स्पीड पोर्टवर, सेकंदाला 30 मेगाबाइट धरले तरी, हेच काम पाच मिनिटांच्या आत होते.

ध्वनिमुद्रण ज्यावर साठते ते मेमरी कार्ड अधिक वेगवान घ्या, असा सल्ला आपल्या सेवा केंद्राने दिला. त्याचा उपयोग नाही. साधे क्लास 10 (कार्डाच्या वेगाची एक श्रेणी) कार्डसुद्धा सेकंदाला किमान 10 मेगाबाइट लिहू शकते, म्हणजे या पोर्टच्या जवळपास दहापट. केबल बदला, संगणकाच्या यूएसबी 3.0 पोर्टला लावा, हे सल्लेही तसेच: रेकॉर्डर जोडला जातानाच आपला वेग सांगतो आणि संगणकाला तो मान्य करावा लागतो. मॅकवर ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’मध्ये यूएसबीच्या यादीत रेकॉर्डरपुढे 12 मेगाबिट दिसतात. त्याच केबलने त्याच पोर्टला कार्ड रीडर लावला की 480 दिसतात. म्हणजे केबल आणि पोर्ट दोन्ही निर्दोष आहेत.

कार्ड काढून यूएसबी 3.0 कार्ड रीडरमध्ये घातले, तर सेकंदाला 80 मेगाबाइट वाचणाऱ्या कार्डावरून तोच ऐवज दोन मिनिटांच्या आत उतरतो. सध्या आम्ही तेच करतो. पण आपण कार्डाची खाच बॅटरीच्या कप्प्यात ठेवली आहे. दरवेळी सेल काढायचे, नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड अंधाऱ्या विंगेत हाताळायचे, ते हरवायची भीती वेगळीच. खाचेची स्प्रिंग अशा रोजच्या वापराला किती पुरेल, याची हमी आपण देणार का? आणि यूएसबीनेच कॉपी करायची म्हटले, तर तासन्‌तास सेलवर चालणारे यंत्र मध्येच बंद पडते आणि शेवटची फाइल अर्धवट राहते.

यूएसबी 2.0 च्या मानकात 12 मेगाबिटही बसतात, असे उत्तर कदाचित येईल. ते खरे आहे. पण त्याच मानकात ‘हाय-स्पीड’ म्हणजे 480 मेगाबिट. 12 ला ‘फुल-स्पीड’ म्हणतात. खोक्यावर ‘हाय-स्पीड’ हाच शब्द छापलेला आहे.

आतल्या चिपमध्ये हाय-स्पीडची सोय आहे का, हे आम्हाला लेखी कळवावे. असेल तर फर्मवेअर (यंत्रातली अंगभूत आज्ञावली) सुधारून द्यावे. नसेल तर यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि खोक्यावरचा व जाहिरातीतला मजकूर बदलावा, कारण पुढचा ग्राहकही हाच शब्द वाचून पैसे मोजणार आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करू.

आपले विश्वासू,
ध्वनिमुद्रण विभाग

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, खोक्याचे छायाचित्र, रेकॉर्डर व कार्ड रीडरचा जोडणी-वेग दाखवणारी दोन स्क्रीनचित्रे