मायच्या गंजाचं भोक

प्रिय बाल्या,

इकडे सगळे बरे. माही शुगर तीच, बायकोचे गुडघे तेच, पुढं जाऊ. व्हॉट्सॲपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतो म्हणून हे पत्र, आता पूर्ण वाच.

पोळ्याले दादा-वहिनी आले होते. बैल सजवले, झडत्या झाल्या, सगळं नीट, अन् चहा पिता पिता दादाची नजर ओसरीवरच्या माह्या झाडांवर गेली, तिथंच खरा पोळा फुटला.

तुले फोटो पाठवले होते नं, जुन्या मिक्सरचं भांडं, कान तुटलेले कप, डालडाचा डबा, अन् मधात मायचा पितळी गंज, त्यात जेडचं झाड, जाड पानाचं. दादानं गंज उचलला, वाकडा केला, बुडाचं भोक पाहिलं. "मायच्या भांड्याले भोक पाडलं तू? यासाठी ठेवला होता का तुह्याकडं?" वहिनी मागून, "अन् घरात निवडुंग!" वहिनीले किती सांगितलं का निवडुंग मांसल झाडातलंच आहे पण सगळी मांसल झाडं निवडुंग नसतात, जेडले तं काटाच नाही, पण ऐकते कोण. जेवले नाही, तसेच गेले. तेव्हापासून दादा फोन उचलत नाही.

आता तूच सांग बे, ते भोक कोणाचं आहे?

तान्हा पोळा, आपण सातवीत. माहा लाकडी बैल तुह्यापेक्षा मोठा होता म्हणून तू चिडला (चिडलाच होता, आता नाही म्हणू नको) अन् मायचा गंज गळ्यात बांधून ढोल बडवत निघाला. देवळाच्या पायरीवर आपटला अन् पळाला. मार मी खाल्ला. मायनं डाख लावून आणला, तो सुटला, मग गंज माळ्यावर गेला तो गेलाच. मी फक्त उरलेला डाख खरडून काढला. मायनं तुह्यं नाव दादाले शेवटपर्यंत सांगितलं नाही, अन् मी पण नाही.

अन् भोकाशिवाय हे झाडं जगत नाही राजा. पानातच पाणी धरून ठेवतात, बुडाशी साचलं का मुळं सडलीच. बायकोनं डालडाच्या डब्याले भोक पाडू दिलं नाही, ताडाच्या झाडाचं चित्र खराब होते म्हणे. चित्र डब्याच्या पोटावर, भोक बुडाले, पण जाऊ दे. जुलैत झड लागली अन् त्यातलं हॉवर्थिया असं सडलं का हात लावला तं पानं बोटाले चिकटून आली, खालून काळं, वास वेगळाच. आपली काळी माती कपाशीले सोनं पण याले चालत नाही, पाणी सोडतच नाही ती. मी चाळलेला मुरूम अन् नदीची रेती घेतो, मूठभर शेणखत, भोकावर कवेलूचा एक तुकडा. यूट्यूबवाले खाली गिट्टीचा थर द्या म्हणतात, त्यानं काही होत नाही, पाणी गिट्टीच्या वरच्या मातीतच अडून बसते.

उन्हाळ्यात तं टिनाचा डबा असा तापते का मुळं शिजतात, म्हणून फक्त सकाळचं ऊन. इचेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगरातली, तिले रात्र थंडी लागते, अन् आपल्याकडं नवतपात रात्री दोनले भिंत गरम. हे झाडं दिवसा पानाची छिद्रं मिटून घेतात अन् रात्री उघडतात, रात्री घेतलेली हवा आंबट करून पानात साठवतात. पानफुटीचं पान पहाटे चावून पाहा, अंबाडीसारखं आंबट लागते, दुपारी आंबटपणा गायब. बेंजामिन हाइने नावाच्या माणसानं इथं भारतातच हे चावून पाहिलं अन् १८१३ मधे लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लँबर्टले पत्र लिहून कळवलं. त्याची वहिनी सोबत नसेल.

हसतो मी पण झोप येत नाही बे. पितृपक्षात मायची तिथी आहे. बाबाच्या वेळपासून एकाच घरी होते, दोघं सोबत पान वाढतो. दादा नाही आला तं लोकं काय म्हणतील ते सोड, मी एकटा कावळ्याले कसा बोलवू? गंज परत पाहिजे असा निरोप पाठवला त्यानं. द्यायला ना नाही, पण वाटणीत बाकीची पितळ यानंच काट्यावर टाकली होती, किलोच्या भावानं गेली, तेव्हा माय कोणाले आठवली नाही. हाही तिकडंच गेला तं? अन् नाही दिला तं तिथीले जागा रिकामी. बायको म्हणते झाड काढून डाख लावून देऊन टाका. तीच म्हणत होती जेड गंजातच शोभते.

तुह्या पोरीचं ॲडमिशन झालं का? फ्लॅटच्या लिफ्टचं काय झालं? वहिनीले नमस्कार.

तर काम असं का तू दादाले फोन लाव. तुह्या लग्नात आहेर घेऊन तोच नाचला होता, तुह्यं ऐकते तो. भोक तू पाडलं म्हणून सांग. सकाळी कर, दुपारी झोपते अन् उठवलं का भांडते. शिव्या देईल, खाऊन घे, तेव्हाचा मार मी खाल्ला होता. अन् दिवाळीले येशील तं जेडची फांदी नेजो, कापून आठवडाभर सावलीत सुकू देईन, मग लावजो. भांडं तुह्या घरचं घे.

तुहा,
गज्या

ता.क. दादानं विचारलं मार कोणी खाल्ला, तं हे पण सांगजो.