ठेव मोडू नका

जर्सी सिटी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "पोस्टातली ठेव पुढच्या महिन्यात सुटतेय, ती तुझ्याच कंपनीत घालतो." मी हसून विषय बदलला. मागून आई म्हणाली, "बघा, तिचाच तिच्यावर भरवसा नाही." ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय. फोनवर मला नीट सांगताही येत नाही, दोन वाक्यं झाली की बाबा "जेवलीस का" वर येतात. म्हणून लिहितेय.

आधी उत्तर देऊन टाकते. ठेव सुटली की पुन्हा पोस्टातच टाका.

मी आठ वर्षं हेज फंडात, म्हणजे श्रीमंतांचे पैसे घेऊन बाजारात सौदे करणाऱ्या कंपनीत, काय केलं, हे आई शेजारी "कॉम्प्युटरवर शेअर" असं सांगते. तसं बरोबरच आहे. पण बाबांच्या मनात अजून तो ९२ सालचा शेअरबाजार आहे, कुणाच्या तरी कानात कुणीतरी नाव सांगणारा. आमच्याकडे कानात कुणी काही सांगत नाही. जुने भाव, दुकानांबाहेर उभ्या गाड्यांचे उपग्रहातून काढलेले फोटो, असला ढीग यंत्रात ओतायचा आणि त्यात पुन्हा पुन्हा दिसणारी एखादी बारीक खोड शोधायची. शंभरातले एक्कावन्न सौदे बरोबर आले तरी पुरतं, फक्त सौदे लाखांनी करायला हवेत.

यातला मोठा माणूस जिम सायमन्स. मी जिथे पीएचडी केली त्या स्टोनी ब्रूकला तो एकेकाळी गणिताचा विभागप्रमुख होता. त्याआधी तो सरकारसाठी गुप्त संदेश फोडायचा. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलला म्हणून १९६८ साली ती नोकरी गेली. चाळिशीत प्राध्यापकी सोडून बाजारात आला, आणि बाबा, सुरुवातीला तोही अंदाजानेच धंदा करायचा. सगळं यंत्रावर सोपवलं ते नंतर. वॉल स्ट्रीटवरची माणसं घ्यायची नाहीत, गणिती, खगोलशास्त्रज्ञ, बोललेलं ओळखणारी यंत्रं बनवणारे घ्यायचे, असा त्याचा खाक्या. त्याच्या मेडॅलियन फंडाने १९८८ ते २०१८ अशी तीस वर्षं दरसाल सरासरी ६६ टक्के कमावले. पण अडत ऐका: दरसाल भांडवलावर ५ टक्के आणि वर नफ्यातला वाटा, तो आधी कमी होता, पुढे ४४ टक्क्यांवर गेला. सगळी अडत कापूनही हाती सरासरी ३९ राहिले. २००५ पर्यंत त्यांनी बाहेरच्या सगळ्यांचे पैसे परत केले, आता फक्त तिथली माणसंच पैसे घालतात. म्हणजे ज्या फंडात पैसे घालावेत असं वाटतं, तो तुमचे पैसे घेत नाही.

आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये काही दिवस असे आले की सगळ्यांची यंत्रं एकाच वेळी एकाच दाराकडे पळाली, तेच सौदे मोडायला. सायमन्सलाही जबर फटका बसला. त्यांच्याकडे तग धरायला पैसा होता, म्हणून ते सावरले.

माझी फजिती मी तुम्हाला कधी सांगितली नाही. पहिल्याच वर्षी मी एक युक्ती शोधली, वीस वर्षांच्या भावांवर तपासली तर नफाच नफा. रात्रभर झोप नाही. सकाळी साहेबाने एकच प्रश्न विचारला, "या यादीत बुडालेल्या कंपन्या आहेत का?" नव्हत्या. मी आज जिवंत असलेल्यांचीच यादी घेतली होती. बुडालेल्या घातल्यावर नफा उरलाच नाही. तेव्हा मला २००५ चा पूर आठवला. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरलं, माल कुजला, आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, "ज्याचं पेव कोरडं राहिलं, तो आता सगळ्यांना अक्कल शिकवतोय." हे वाक्य मी साहेबाला इंग्रजीत सांगायला गेले, पण 'पेव' म्हणजे काय हे समजावतानाच अर्धा तास गेला.

दोन वर्षांपासून मी व्हेंचर कॅपिटलच्या बाजूला आहे, म्हणजे नव्या, लहान कंपन्यांत पैसे घालायचे. इथे हिशोब उलटा. हेज फंडात एक्कावन्न बरोबर लागतात, इथे बहुतेक चुकतातच. २००४ ते २०१३ मधल्या एकवीस हजारांहून जास्त गुंतवणुकी कुणी तपासल्या, तर ६५ टक्क्यांत घातलेले पैसेही पुरते परत आले नव्हते. दहापट किंवा जास्त झाले ते जेमतेम ४ टक्के. सगळा खेळ त्या चारांवर.

यंत्र इथेही आहे. कोण कुणाला नोकरीवर घेतंय, कुणाचं ॲप किती लोक उतरवून घेतायत, हे चाळून ते हजारातून वीस नावं काढून देतं. पुढे मात्र समोर माणूस बसतो आणि माझ्याकडे आकडे नसतात. बाबा, सौद्याच्या सकाळी तुम्ही पोत्यात हात घालून तळातलं हळकुंड काढायचात. वरचं कधीच नाही. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचात, मग मोडून आतला रंग उजेडात धरायचात. मी पोत्यांवर बसून बघायचे. तुम्ही दिवाणजी, भाव तुम्ही ठरवत नव्हता, पण मालक तुमच्या तोंडाकडे बघून बोली लावायचे. मी आता समोरच्याला त्याच्या सगळ्यात वाईट महिन्याबद्दल विचारते आणि गप्प बसते. अजून तुमच्याइतका कान तयार झालेला नाही.

तर ठेवीचं. एक म्हणजे इथे साध्या माणसाला दारच नाही. राहतं घर सोडून दहा लाख डॉलरची मालमत्ता किंवा सलग दोन वर्षं दोन लाख डॉलरची मिळकत लागते. दुसरं, असे पैसे साधारण दहा वर्षं अडकतात. बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तरचे. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, पण फोनवर ते मला कधीच बोलता येणार नाही. त्या पैशांची या दहा वर्षांत तुम्हालाच गरज आहे, मला नाही. माझी चूक झाली तर पगार होतोच. तुमची ठेव बुडाली तर आई एक शब्द बोलणार नाही, आणि मला तेच नकोय.

पोस्टातल्याच ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत टाका, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं. दोघांच्या नावावर करा. पासबुक, दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स न्या. आईची सही लागेल. तिला दुपारच्या झोपेतून उठवून नेऊ नका, सकाळीच जा, गर्दीही कमी असते.

तुमची,
बाळी