तक्रार: नेटवर्क प्रिंटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून न दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(कंपनीचं नाव पाकिटावर घातलंय, इथं परत लिहायची इच्छा नाही)

आत्ता दुपारचे सव्वापाच वाजलेत. तुमच्या हेल्पलाईनवरचा माझा सहावा कॉल चार वाजून दहा मिनिटांनी कट झाला, ४७ मिनिटं बोलून. मी कट केला नाही, तिकडून झाला. प्रिंटर कुठला, मॉडेल काय, बिल कधीचं हे सगळं तुमच्याकडं सहा वेळा लिहून घेतलंय, मी सातव्यांदा सांगणार नाही.

आमचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि आमचे हे दोघं मिळून चालवतो. पुढं केबिनमध्ये माझा कॉम्प्युटर, मागं शेडमध्ये डिस्पॅचचा. माल निघताना चलनाच्या तीन प्रती लागतात, एक पार्टीला, एक गाडीवाल्याला, एक आम्हाला, हा जीएसटीचा नियम आहे, माझी हौस नाही. आमचा बराचसा माल बेळगावला जातो, म्हणजे राज्य बदललं, ५०,००० च्या वर गेलं की ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा ऑनलाईन काढलेला कागद, ते पण आलं. तर डिस्पॅचला बसलेल्या पोरानं तिथूनच प्रिंट मारावी आणि गाडी सोडावी एवढ्यासाठी आम्ही साधा प्रिंटर न घेता दीडपट पैसे घालून तुमचा 'नेटवर्क' प्रिंटर घेतला. खोक्यावर चित्र पण आहे बघा, मधी एक प्रिंटर आणि भोवती चार कॉम्प्युटर, सगळे हसताहेत. आमच्याकडं दोनच आहेत आणि कोण हसत नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवशी चालला. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर तुमचं सेटअप चालवलं की गोल गोल फिरतंय आणि म्हणतंय प्रिंटर सापडला नाही. पहिला कॉल, ड्रायव्हर (प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर) काढा परत घाला. दुसरा कॉल, ड्रायव्हर काढा परत घाला. तिसऱ्याला मीच आधी सांगितलं की ड्रायव्हर दोनदा काढून घातलाय, तर म्हणाले ठीक आहे, आता एकदा ड्रायव्हर काढून परत घाला.

चौथ्या कॉलला एकानं नवीन टूम काढली, प्रिंटर तुमच्या कॉम्प्युटरवरून शेअर करा. अहो प्रिंटरला स्वतःचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची वायर लावायची जागा आहे, वायर राउटरला लावलीय, मग माझ्या कॉम्प्युटरच्या खांद्यावरून कशाला? मी सुट्टीवर गेलो, कॉम्प्युटर बंद ठेवला की गाडी थांबायची का? तरी केलं. एरर आली, झिरो एक्स, मागं झिरोंची माळ आणि शेवटी ११बी. ही एरर सप्टेंबर २०२१ च्या विंडोज अपडेटपासून जगभर प्रसिद्ध आहे, प्रिंटिंगमधून घुसखोरी व्हायला लागली म्हणून मायक्रोसॉफ्टनं कडी लावली आणि शेअर केलेले प्रिंटर अडकले. हे मला उद्यमनगरात बसून कळतंय, तुम्ही तर प्रिंटरच बनवता. आणि यावर तुमच्या माणसाचा उपाय काय, तर 'मॅडम, विंडोजचा सिक्युरिटी अपडेट काढून टाका.' ज्या कॉम्प्युटरवर आमची बँक आहे, जीएसटी आहे, त्याची कडी काढून टाका म्हणे. आणि २०२१ चा अपडेट आता वेगळा काढायला राहिलाय कुठं? पाचवा कॉल नुसता होल्डवर गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काय नाही, म्युझिक पाठ झालंय.

शेवटी आमच्या सीएनसीवरच्या (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवरच्या) पोराला बोलावलं, आयटीआय झालेला आहे, मशीनला प्रोग्राम लॅनवरूनच पाठवतो. त्यानं प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्कचा कागद काढला, त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.२५. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बघितलं तर १९२.१६८.० नं सुरू होणारा. का, तर शेडमध्ये नेट पोचत नाही म्हणून आम्ही तिथं दुसरा राउटर बसवलाय आणि तो आपले पत्ते वेगळे वाटतोय. तो मला म्हणाला, 'वहिनी, प्रिंटर एका गल्लीत आणि कॉम्प्युटर दुसऱ्या गल्लीत. ह्यांचं सेटअप गल्लीत उभं राहून हाका मारतंय, ते पलीकडं कसं ऐकू येणार? पत्ता घेऊन सरळ दारात जायचं.' मग त्यानं सेटअप बाजूला ठेवून प्रिंटर हातानं अॅड केला, टीसीपी/आयपी पोर्ट (पत्त्यावरून सरळ जोडायचा प्रकार) घेतलं, पत्ता टाकला, पाच मिनिटांत चलन बाहेर. पाच कॉलमध्ये तुमच्या एकानं पण विचारलं नाही की ताई तुमच्याकडं राउटर किती आहेत. एकानं पण नाही.

आता आजचा कॉल. ह्यासाठीच पत्र लिहायला बसलोय.

काल रात्री लाईट गेली, राउटर बंद पडून चालू झाला आणि सकाळी डिस्पॅचला प्रिंटर ऑफलाईन. मी स्वतः कागद काढून बघितला, पत्ता बदललाय, १.२५ चा १.३१ झालाय. म्हणजे मला दुखणं माहीत होतं. औषध पण माहीत होतं. फक्त तुमच्या पॅनलवर कायमचा पत्ता द्यायचा मेनू कुठं आहे एवढं विचारायचं होतं, कारण सीएनसीवाला पोरगा आज सेकंड शिफ्टला. मी फोन लावला आणि शब्दाला शब्द असं विचारलं की मी प्रिंटरला फिक्स आयपी, म्हणजे कायमचा पत्ता देतो, मला मेनू सांगा.

पलीकडचा मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, 'देतो की देते, मॅडम?' आणि हसला.

आता तुमच्या माहितीसाठी, कोल्हापुरात बायका देतो, करतो, जातो असंच म्हणतात, माझी आजी असंच बोलायची, माझी लेक असंच बोलते, आणि ह्या पत्रात पण तसंच लिहिलंय. तरी मी गिळलं. म्हटलं हसू दे, काम होऊ दे. परत विचारलं, फिक्स आयपीचा मेनू. तर म्हणतोय, 'मॅडम, तिथं कोणी सर आहेत का? त्यांना फोन द्या ना, जरा टेक्निकल आहे.' मी म्हटलं सर लेथवर आहेत, त्यांना आयपी म्हणजे काय ते माहीत नाही, मला माहीत आहे. तर म्हणे, 'मग घरात कोणी लहान मुलगा वगैरे?' घरात! वर्कशॉपमध्ये उभा राहून बोलतोय मी, मागं दोन मशिनी चालू आहेत, त्याला आवाज जात नव्हता का? मी म्हटलं मुलगा नाही, मुलगी आहे, ती दहावीला आहे, तिचा पेपर सोडवून घेऊ का तुमच्याकडून. (हे बोलायला नको होतं. पण बोललो.)

मग त्यानं होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं. परत आला आणि काय म्हणावं? 'मॅडम, चेक केलं, प्रिंटर एका कॉम्प्युटरवर चालतोय म्हणजे प्रिंटर ओके आहे. दुसरा कॉम्प्युटर आमच्या वॉरंटीत येत नाही. तुम्ही एक काम करा, ज्या कॉम्प्युटरवर चालतोय तिथूनच प्रिंट काढा.'

मी विचारलं, मग डिस्पॅचचं चलन?

'पेनड्राईव्हमध्ये घेऊन या ना मॅडम.'

नेटवर्क प्रिंटर, साहेब. दीडपट पैसे. पेनड्राईव्हमध्ये घेऊन या. म्हणजे चित्रातली ती चार कॉम्प्युटरवाली माणसं हातात पेनड्राईव्ह घेऊन रांगेत उभी आहेत वाटतं, म्हणून हसताहेत. मी सुपरवायझर मागितला, 'हो मॅडम' म्हणाला आणि कट. तक्रारीच्या तिकिटावर काय लिहिलंय ते पण मेसेजमध्ये आलं, 'समस्या सुटली, ग्राहक समाधानी'.

कट झाल्यावर चहा घेतला, राउटरचं पान उघडलं, प्रिंटरच्या कागदावर जो मॅक अॅड्रेस (मशीनचा स्वतःचा न बदलणारा नंबर) छापलेला असतो त्याला १.२५ कायमचा बांधून टाकला. तेव्हा कळलं, तो पत्ता रिकामा पण नव्हता, राउटरनं तो आमच्या ह्यांच्या मोबाईलला दिला होता, म्हणजे सकाळपासून डिस्पॅचचा पोरगा बेळगावची चलनं ह्यांच्या खिशात पाठवत होता. बारा मिनिटं लागली सगळ्याला. तुमच्या पॅनलवरचा मेनू मला अजून सापडलेला नाही, गरज पण उरली नाही. गाडी मात्र साडेतीन तास दारात उभी होती, ड्रायव्हरचं जेवण आम्ही घातलं, पार्टीचा माल उद्यावर गेला आणि पार्टीनं जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

मला वाईट कशाचं वाटतंय सांगतो. उद्यमनगरात कुणाच्या इंजिनाचा पार्ट मिळत नसला तर माणूस नमुना बघून लेथवर करून देतो, वॉरंटी विचारत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून ऑफिसात तुमचीच मशीन, आधीचा प्रिंटर नऊ वर्षं चालला, म्हणून डीलर दुसरा दाखवत असताना मी हट्टानं तुमचा घेतला. त्या डीलरला आता तोंड दाखवायची लाज वाटते.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. ते 'ग्राहक समाधानी' तिकीट उघडा आणि खरं काय ते लिहा. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ऐका, 'प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे' असं सहाही वेळा ऐकवलंय, मग होऊ दे की प्रशिक्षण. त्या मुलाला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही, त्याच्या समोरच्या कागदावर 'राउटर किती आहेत' आणि 'पत्ता बदलतोय का' हे दोन प्रश्न लिहून द्या. आणि माझी लेखी माफी, माझ्या नावानं, आमच्या ह्यांच्या नावानं नको. मागच्या दोन्ही मेलना 'प्रिय सर' असं उत्तर आलं होतं.

पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर १९१५ ला, सरकारी ग्राहक हेल्पलाईनला, फोन लावणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही असं तुमचा वकील सांगेल, तर त्याला २०१९ च्या कायद्यातला खुलासा वाचायला सांगा, स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी' ह्यात मोडत नाही आणि आमचं पोट ह्यावरच आहे. पाच लाखांपर्यंत फी पण नाही. कोल्हापुरात आता हायकोर्टाचं सर्किट बेंच पण बसतंय, पण एका प्रिंटरसाठी तिथवर जायची वेळ तुम्ही आणू नका.

सोबत बिलाची प्रत, सहा कॉलच्या तारखा-वेळा, आणि डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवरून आज ४ वाजून ४१ मिनिटांनी मारलेलं टेस्ट पेज. पेनड्राईव्ह जोडलेला नाही.

ता. क. सही माझी आहे. सरांची नाही.