पराठा फुटतो तो पाण्यामुळे
संपादक महोदय,
खेड्यातल्या किराणा दुकानातही आता चीजच्या वड्या मिळतात, पण पराठा तव्यावर फुटतो ही तक्रार घरोघरी. दोष चीजचा नाही, पाण्याचा. चिरलेल्या कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं आणि त्याची वाफ पारी फाडते. कांदा घट्ट पिळून घ्यावा; चीज मुळातच खारट, सारणात वेगळं मीठ नकोच. २ वाट्या कणीक सैलसर भिजवून २० मिनिटं झाकावी. पराठ्यामागे एक वडी, थंड असतानाच किसलेली. वर सांबार (म्हणजे कोथिंबीर), चिमूटभर भिवापुरी मिरचीचं तिखट. पारी कडेला पातळ, मधे जाड. आच मध्यम, मंद आचेवर चीज वाहून जातं, पोळी कच्चीच राहते. आणि उलथन्यानं दाबायची सवय, ती तर सोडाच!
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा