शेगडीच्या नावाचा तुरुंग

हनोई,
२० नोव्हेंबर

ती. स्व. अण्णांना,
सा. न. वि. वि.

आज इथे शिक्षक दिन. सकाळपासून सायकलींवरून फुलांचे भारे चाललेत आणि ऑफिसातल्या मुली दुपारीच आपापल्या जुन्या बाईंना भेटायला पळाल्या. ५ सप्टेंबरला कुणी गुलाब दिला की तुम्ही हमखास विचारायचात, "शाळेच्याच बागेतला ना रे?" म्हणून मी फुलाऐवजी पत्र पाठवतेय.

निघताना स्टँडवर तुम्ही काम सांगितलं होतं: व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी हो ची मिन्ह आधी देशभक्त की आधी कम्युनिस्ट, ते बघून ये. जसं काही रेशनकार्डावर लिहिलेलंच असतं! पण गेल्या रविवारी होआ लो तुरुंग बघून आले आणि तेव्हापासून तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

होआ लो म्हणजे शेगडी. त्या वस्तीत पूर्वी मातीच्या शेगड्या बनायच्या. तेव्हा इथे राज्य फ्रेंचांचं, त्यांनी १८९६ मध्ये ती उठवून तुरुंग बांधला, नाव मात्र चिकटून राहिलं. आज बराचसा भाग पाडून तिथे टोलेजंग इमारती झाल्यात. उरलेल्यात संग्रहालय आहे. कोठड्यांत पाय अडकवायचे खोडे आहेत, एका खोलीत गिलोटिन, म्हणजे मान उडवायचं यंत्र, उभं आहे. आणि अंगणात, अण्णा, चक्क आपल्या परसातला देशी बदाम! फांद्यांचे तेच आडवे मजले, तीच मोठाली पानं. इथे त्याला बांग म्हणतात. कैदी त्याची फळं खायचे, पानं औषधाला वापरायचे आणि ढोलीत चिठ्ठ्या लपवायचे.

चिठ्ठ्या लपवणारे सगळे एका पक्षाचे नव्हते. न्गुयेन थाय हॉक हा निव्वळ राष्ट्रवादी. १९२७ मध्ये त्याने हनोईत पक्ष काढला, त्यात शिक्षक, विद्यार्थी, फ्रेंच फौजेतले देशी शिपाई. १० फेब्रुवारी १९३० ला येन बायच्या छावणीत पहाटे बंड झालं आणि त्याच सकाळी मोडलंही. जूनमध्ये त्याला आणि बारा साथीदारांना याच तुरुंगातून रेल्वेने येन बायला नेऊन गिलोटिनखाली मारलं. पक्षाचा कणा तिथेच मोडला. बंडाच्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये हो ची मिन्हने कम्युनिस्टांचे विखुरलेले गट एकत्र करून पक्ष उभा केला. एक हरला म्हणून दुसरा आला, इतकं ते सरळ नाही. पण नुसत्या शौर्याने फ्रेंच जात नाहीत, खेड्यापाड्यांतून बांधणी लागते, हे पुढच्या पोरांना येन बायने शिकवलं.

आता तुमचा प्रश्न. १९११ मध्ये सायगावहून जहाजावर स्वयंपाकघरातला मदतनीस म्हणून गेलेला हा माणूस १९१९ मध्ये पॅरिसला पहिल्या महायुद्धानंतरच्या तह-परिषदेपुढे आपल्या लोकांच्या मागण्या मांडू पाहत होता. कुणी दाद दिली नाही. पुढच्या वर्षी लेनिनचा वसाहतींवरचा मसुदा त्याने फ्रेंच वर्तमानपत्रात वाचला. त्याने स्वतःच १९६० मध्ये लिहून ठेवलंय की फ्रेंच समाजवाद्यांच्या चर्चेतले शब्द त्याला धड कळायचे नाहीत. तो एवढंच विचारायचा, वसाहतींच्या बाजूने कोण आहे? मसुदा वाचून खोलीत एकट्याला रडू आलं म्हणतो. आणि कबूल करतो की लेनिनकडे त्याला आधी देशप्रेमानेच नेलं, कम्युनिझमने नव्हे. (त्या मसुद्यावर मॉस्कोत लेनिनशी वाद घालणारे आपले मानवेंद्रनाथ रॉय. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉयवादी, त्यामुळे ते नाव आपल्या घरात नवं नाही.)

गंमत म्हणजे हे मॉस्कोतल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनाही खटकायचं. पक्षाचं 'व्हिएतनाम' हे नाव वर्षाच्या आत बदलून 'इंडोचायना' करायला लावलं आणि हो ची मिन्हवर राष्ट्रवादी म्हणून ठपका आला. म्हणजे तुमची शंका नवी नाही, खुद्द त्याच्या पक्षाला ती तेव्हाच आली होती!

पण मला खरी गोम वेगळ्याच ठिकाणी दिसते. आजोबा सांगायचे ना, आम्ही कुंडलच्या बाजूला पत्री सरकारात रानोमाळ फिरत होतो आणि कम्युनिस्ट 'लोकयुद्ध' म्हणत बसले होते. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि मॉस्कोचा मित्र तो आपला मित्र ठरला. आपल्याकडे तो मित्र म्हणजे इंग्रज! बेचाळीसला ते तिथेच अडकले. इथे हिशेब नेमका उलटा बसला. इथले फ्रेंच अधिकारी हिटलरपुढे नमलेल्या सरकारचे आणि त्यांच्या डोक्यावर जपानी. म्हणजे मॉस्कोच्या शत्रूचे साथीदार तेच घरात घुसलेले. मे १९४१ मध्ये सरहद्दीजवळच्या पाक बोला कम्युनिस्टांच्या पुढाकाराने व्हिएत मिन्ह आघाडी निघाली. जमीनदारांशी भांडण पुढे ढकललं, आधी देश. १९४५ च्या जुलैत अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याची तुकडी जंगलात पॅराशूटने उतरली आणि तापाने फणफणलेल्या हो ची मिन्हला त्यांनीच औषध दिलं. दोघांचं मॉस्को एकच, पण त्यामुळे आपल्याकडचे कम्युनिस्ट रस्त्यावरून बाजूला पडले आणि इथले मधोमध आले. नाना पाटील नंतर तिकडे गेले आणि १९६७ मध्ये बीडहून कम्युनिस्ट खासदार झाले, तरी बेचाळीसचा सल गेला नाही, हो ना?

आणि लोक आले ते पोथी वाचून नव्हे. जपान्यांनी भाताच्या शेतांत ताग लावायला लावला, वर भाताची सक्तीची वसुली. १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तरेत किती मेले याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. व्हिएत मिन्हने सांगितलं, कोठारं फोडा. ज्याच्या पोराला त्या कोठारातला तांदूळ मिळाला तो कुठल्या झेंड्यावर काय आहे हे विचारत नाही.

मग ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि २ सप्टेंबरला हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्य जाहीर झालं. तो जाहीरनामा लिहिला कुठे? जुन्या पेठेत, हांग न्गांग रस्त्यावर ४८ नंबरच्या घरात, एका रेशीम व्यापाऱ्याकडे! त्या त्रिन्ह व्हान बो दांपत्याने चळवळीला पाच हजारांवर लुओंग सोनं दिलं. काकूला सांगा, एक लुओंग म्हणजे आपले सव्वातीन तोळे.

त्याच महिन्यात सायगावात इंग्रज जनरल ग्रेसीबरोबर आपली विसावी भारतीय डिव्हिजन उतरली. फ्रेंचांना पुन्हा बसवायच्या कामी आपले जवान, गुरखे, या लोकांवर बंदुका रोखून उभे होते. नेहरूंनी जाहीर निषेध केला होता. हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नाहीत.

एवढं वाचून मी कम्युनिस्टांच्या बाजूची झाले असं समजू नका. थाय न्गुयेनकडची न्गुयेन थी नाम नावाची बाई, व्यापारही होता आणि जमीनही. तिनेही सोनं दिलं, कार्यकर्त्यांना घरात ठेवलं, मुलं फौजेत पाठवली. १९५३ मध्ये जमीनसुधारणेची मोहीम निघाली आणि पहिल्याच झपाट्यात जमीनदार म्हणून तिला गोळी घातली. १९५६ मध्ये पक्षाने चुका झाल्याचं कबूल केलं. ढकललेलं भांडण ते असं परत आलं. न्गुयेन थाय हॉकच्या नावाचा इथे मोठा रस्ता आहे, मी रोज त्यावरून जाते. पण त्याच्या पक्षाचे जे लोक १९४६ पर्यंत जगले त्यांना व्हिएत मिन्हने मोडून काढलं. त्यांच्यातल्या कुणाच्या नावाची पाटी मला अजून दिसलेली नाही. तो १९३० मध्येच मेला, म्हणून रस्ता मिळाला असं मला वाटतं. तुम्हाला पटणार नाही, कळवा.

बाकी मी ठीक. काकूला सांगा, इथे 'चाय' अशी पाटी दिसली की चहा मिळत नाही, शाकाहारी जेवण मिळतं. पहिल्या आठवड्यात फसले, आता तिथेच जेवते.

तुरुंगातून निघताना बदामाखाली एक सुकलेलं फळ पडलं होतं. लहानपणीसारखं दगडाने फोडून आतला गर खावा म्हणून उचललं, पण तिथल्या बाई बघत होत्या, म्हणून परत ठेवलं. परसातल्या झाडाला यंदा किती लागलेत?

तुमची,
सुमी