आधी तिपाई घे, मग दुर्बीण

नाशिक, १२ डिसेंबर

प्रिय विनय,

पत्र मिळालं. "पक्षी बघायला फंडाच्या पैशातून २५×१०० ची मोठी दुर्बीण घेतोय, तू फक्त हो म्हण," असं लिहिलंस. हो म्हणायला माझं काय जातं? पण ती चार किलोंची तोफ, वर तिला पेलणारा ट्रायपॉड, म्हणजे तिपाई, हे सगळं पैठणच्या नाथसागराच्या (जायकवाडीच्या जलाशयाच्या) काठावर चिखल तुडवत नेणार कोण ते लिहिलं नाहीस. तुझ्या गुडघ्यांची कर्मकहाणी वहिनींनी फोनवर सांगितली आहे.

आधी माझी फजिती ऐक. तीन वर्षांपूर्वी मीही आकड्यालाच भुललो होतो. दुकानदाराने दारात उभं करून लांबच्या गच्चीवरच्या टाकीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली, मी तिथेच पैसे मोजले. २०×८०, म्हणजे वीस पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ८० मिलिमीटरची. दुर्बीण बरी होती, पण तिच्याखाली मी लावला घरातला, भाच्याने मोबाईलसाठी आणलेला किडमिडा ट्रायपॉड. चापडगावला नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाण्याच्या काठावर पहिल्याच सकाळी वारा सुटला आणि सगळं लटांबर आडवं झालं. काच शाबूत होती म्हणून मी खूश. घरी येऊन गच्चीतून पाहतो तर समोरच्या विजेच्या खांबाला जुळा भाऊ! आतले लोलक सरकले होते. दोन्ही नळ्यांची नजर एका जागी पडत नसली की डोळे ओढाताण करून चित्र जुळवत राहतात, आणि पंधरा मिनिटांत कपाळ ठणकू लागतं. दुरुस्तीत आख्खा हिवाळा गेला.

तेव्हा पहिली गोष्ट, पैशाचा मोठा वाटा ट्रायपॉडला आणि त्याच्या डोक्याला. व्हिडिओवाले वापरतात तसं संथ फिरणारं डोकं (फ्लुइड हेड) घे, म्हणजे उडणाऱ्या थव्यामागे दुर्बीण झटके न खाता सरकते. मधला दांडा वर काढावा लागला की सगळं डुलतं. म्हणून मी आता घडीचं स्टूल नेतो, पाय आखूड ठेवतो आणि बसून पाहतो. पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर मात्र आणखी एक गंमत. २०२० मध्ये रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, राज्यातलं पहिलं ठिकाण म्हणून नांदूरमध्यमेश्वरचं नाव गाजलं, तेव्हापासून रविवारी रीघ असते. कोणी धाडधाड जिना चढू लागला की वीस पटींमध्ये सगळी गोदावरी थरथरते.

तू विचारशील, मग स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची दुर्बीण, का नको? पैसा, वजन दोन्ही बघता स्कोपच शहाणपणाचा, हे मान्य. पण एक डोळा मिटून तासभर बसणं मला जमत नाही. दोन डोळ्यांनी पाहिलं की मी त्या पाण्यातच जाऊन बसतो. परवा थापट्या बदकांचं एक टोळकं गोल गोल फिरत चोची पाण्यात घालून गाळत होतं. चोचीच्या कडेने ओघळणारं पाणी दिसत होतं. एवढ्यात वरून भोवत्या हा शिकारी पक्षी गेला आणि वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांची सगळी दिंडी पाणी तुडवत पळाली. चाळीस मिनिटं गेली, मान वर केली नाही. स्कोपला मी दहाव्या मिनिटाला कंटाळतो.

आता तुझ्या २५×१०० बद्दल. १०० ला २५ ने भाग, ४ आले. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात शिरतो. माझ्या २०×८० चाही ४ च. म्हणजे उजेडात तुला काही जास्त मिळत नाही, वाढतो तो मोठेपणा, आणि घटतो तो आवाका. हातातल्या १०×४२ मध्ये किलोमीटरभरावर शंभर मीटरहून जास्त रुंद पट्टा मावतो, पंचवीस पटीत साधारण पंचेचाळीस. क्रौंचांचा थवा उडाला की तू रिकामं आभाळच धुंडाळत बसशील. म्हणून १०×४२ गळ्यात हवीच. आधी तिने शोधायचं, मग मोठीने न्याहाळायचं.

शिवाय या मोठ्या दुर्बिणी बऱ्याचदा तारे बघणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा फिरवावा लागतो. ताऱ्यांना एकदा लावला की झालं, पक्षी काही जागेवर बसत नाहीत. मधोमध एकच चक्री असलेली बघ. तुला चष्मा आहे, तेव्हा चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतं का, हे दुकानात तपास. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार दिसली तर काच साधी समज, ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेत ती कमी असते. आणि झूमवाली फुकट दिली तरी घेऊ नकोस.

खरा शत्रू मात्र ऊन आहे, भिंग नाही. गेल्या जानेवारीत हरभऱ्याच्या शेतात पट्टकादंब (थंडीत उत्तरेकडून येणारे हंस) चरत होते, त्यातल्या एकाच्या गळ्यात पट्टा! मंगोलियातले संशोधक अक्षरं-आकडे लिहिलेले असे पट्टे घालतात. मी वेडापिसा झालो. पण वाजले होते साडेदहा. जमिनीवरून वाफ निघाल्यासारखी हवा लवलवत होती, अक्षरं उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यागत हलत होती. पट वाढवली तर लवलवही तेवढीच वाढते. दुसऱ्या दिवशी सातला पोचलो. निफाडची थंडी तुला माहीत आहे, श्वासाने भिंगावर धुकं धरत होतं, मी मफलरच्या टोकाने पुसत होतो. तीच दुर्बीण, तेवढंच अंतर, आणि दोन अक्षरं लख्ख दिसली. तिसरं वाचणार तोच तो मान वळवून हरभऱ्यात घुसला. पुन्हा दिसला नाही.

तेव्हा पैसे आत्ता भरू नकोस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इकडे ये, माझ्या दुर्बिणीला दोन सकाळी डोळे लाव, मग ठरव. नाथसागरावर तू उघड्या काठावर बसणार, बोटीत नाही, म्हणून २०×८० तुला पुरेल असं मला वाटतं. बोटीत मोठी दुर्बीण म्हणजे निव्वळ मळमळ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर

ता. क. स्टूल तुझं तू आण. माझ्याकडे एकच आहे, आणि मी ते देणार नाही.